घेवड्याची मूळकूज: जिवाणू कधी, कसे आणि किती द्यायचे

घेवडा उगवून येतो, दोन पानांवर टवटवीत दिसतो आणि विसाव्या-पंचविसाव्या दिवशी सरीत मध्येच एखादं रोप पिवळं पडून मान टाकतं. दोन दिवसांनी त्याच्या शेजारचं. मग दुकानाकडे धाव. दुकानदार विचारतो, "मर लागली का?" आपण हो म्हणतो. तो एक बुरशीनाशक देतो आणि हल्ली त्याच्याबरोबर स्युडोमोनास या उपयोगी जिवाणूचं एक पाकीटही ठेवतो. दोन्ही एकाच पंपात पडतात, भर दुपारी आळवणी होते, म्हणजे रोपांच्या बुडाशी ओतलं जातं. आठ दिवसांनी रोपं मेलेलीच असतात आणि शिव्या पाकिटाला बसतात.

मीही हे केलं आहे. पाकीट मोटारीच्या खोलीत, पत्र्याखालच्या फळीवर महिनाभर पडलं होतं. एप्रिलमध्ये त्या पत्र्याखाली माणूस दहा मिनिटं बसत नाही, मग जिवाणू काय टिकणार! जिवाणू ज्यात मिसळून विकतात ती नुसती शंखजिऱ्याची पूड मी रानात ओतून आलो होतो.

तेव्हापासून मी या जिवाणूंकडे बिऱ्हाडकरूसारखं बघतो. मुळाभोवतीची जागा मोकळी असताना जो आधी येऊन राहतो, त्याची ती जागा. बुरशीने घर बळकावल्यावर जिवाणू तिला बाहेर काढतील ही आशा सोडून द्या. म्हणून या लेखातलं निम्मं काम पेरणीच्या आधीचं आहे.

आधी रोप उपटून बघा

"मर" हा एक शब्द आपण चार-पाच वेगळ्या रोगांना वापरतो. रोप हिसका देऊन उपटू नका, खुरप्याने मुळांसकट काढा, बादलीत धुवा आणि उजेडात धरा.

जमिनीलगतच्या किंवा जमिनीखालच्या खोडावर तांबूस-तपकिरी, आत दबलेले, कडा स्पष्ट असलेले व्रण दिसले तर संशय रायझोक्टोनिया या बुरशीवर घ्यायचा. सोटमुळावर लांबट लालसर रेषा असतील, त्या पुढे गडद होत सगळं मूळ तपकिरी पडलं असेल आणि रोपाने जगण्यासाठी वरच्या बाजूला नवी तंतुमुळं फोडली असतील, तर फ्युजारियम. बुडाशी कापसासारखी पांढरी बुरशी आणि तिच्यावर मोहरीएवढे पांढरे ते तपकिरी दाणे दिसले तर स्क्लेरोशियम. हा ओळखायला सगळ्यात सोपा. खोड राखाडी पडलंय, साल खरवडली की आत काळी मिरपूड शिंपडल्यासारखे ठिपके आहेत आणि हे सगळं पाण्याचा ताण पडल्यावर, उन्हात झालंय, तर ती मॅक्रोफोमिना. ज्वारीवाल्या भागातल्या शेतकऱ्याला तिची ओळख वेगळी करून द्यायला नको. रब्बी ज्वारीला खडखड्या रोग करते ती हीच बुरशी. त्यामुळे "ज्वारीची फेरपालट केली, आता रान स्वच्छ" हा हिशेब तिच्या बाबतीत चुकतो.

पानं पिवळी-हिरवी चट्टेरी आणि आकसलेली असतील तर तो विषाणू. पानांवर पाणी भरल्यासारखे डाग पडून त्यांच्याभोवती पिवळी कडा असेल तर तो जिवाणूजन्य करपा. या दोन्हींसाठी पुढची मेहनत फुकट आहे. आणि मुळं पांढरी, निरोगी असताना रोप सुकत असेल तर खोड चिरून खोडमाशीची अळी शोधा. निम्म्या वेळा "मर" म्हणून आणलेल्या रोपात मला अळीच सापडली आहे.

जिवाणू तिथे करतात काय

बाजारात प्रामुख्याने दोन मिळतात: स्युडोमोनास फ्लुरोसन्स आणि बॅसिलस सबटिलिस. दोघांची काम करण्याची पद्धत वेगळी आहे आणि निवड त्यावरूनच करायची.

स्युडोमोनास मुळांतून झिरपणाऱ्या साखरेवर आणि आम्लांवर झपाट्याने वाढतो, मुळाच्या पृष्ठभागावर पसरतो. बुरशीला मारक ठरणारी काही प्रतिजैविकं तो तयार करतो. त्याचं आणखी एक हत्यार लोहाचं आहे. तो सिडेरोफोर नावाचं द्रव्य सोडतो. ते मातीतलं लोह पकडून आणतं आणि बुरशीची लोहावाचून उपासमार होते. अतिनील प्रकाशात हा जिवाणू हिरवट-पिवळा चमकतो, त्याचं नाव त्यावरून पडलं, आणि ती चमकही याच सिडेरोफोरची. आपल्या दख्खनच्या चुनखडीयुक्त जमिनीत लोह असूनही विरघळलेल्या रूपात फार कमी असतं, म्हणजे ओढाताण मुळातच आहे. अशा जागी लोह पळवणारा बिऱ्हाडकरू जास्त उपयोगाचा.

बॅसिलस लायपोपेप्टाइड गटातली द्रव्यं सोडतो, ती बुरशीच्या पेशीचं आवरण फाडतात. त्याचा मोठा गुण मात्र दुसराच आहे: तो बीजाणू करतो. परिस्थिती वाईट झाली की कवचात शिरून पडून राहतो, ऊन आणि कोरड सोसतो. स्युडोमोनासला हे जमत नाही. तो एकतर जिवंत असतो किंवा मेलेला.

दोघेही झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतात. मुळाशी दिलेल्या जिवाणूचा परिणाम पानावर दिसतो तो यामुळे. पण त्याला वेळ लागतो आणि त्यासाठी झाड सशक्त असावं लागतं.

मग घ्यायचा कोणता? खरिपात, जून-जुलैच्या ओलीत, पंचवीस-तीस अंश तापमानात स्युडोमोनास उत्तम. उन्हाळी घेवड्याला, जिथे मॅक्रोफोमिनाची भीती आहे आणि माती तापते, तिथे माझा कौल बॅसिलसला. दुकान लांब असेल आणि पाकीट आठ-पंधरा दिवस घरी राहणार असेल तरीही बॅसिलसच.

ट्रायकोडर्मा याच रांगेत विकला जातो, पण तो जिवाणू नाही, तो स्वतःच बुरशी आहे. उपयोगी बुरशी. त्यामुळे कार्बेन्डाझिमसारखी बुरशीनाशकं त्याला मारतात. शेणखतातून ट्रायकोडर्मा आणि बियाण्यावर स्युडोमोनास, अशी वाटणी मला बरी वाटते. दोघांना एकाच डब्यात कालवायचा मोह टाळा. सगळ्याच जातींचं एकमेकांशी पटत नाही.

पाकीट घेताना

जैविक बुरशीनाशक कीटकनाशक कायदा १९६८ खाली नोंदवलेलं असावं लागतं. रायझोबियमसारखं (मुळांवर गाठी करून नत्र देणारा जिवाणू) जैविक खत मात्र खत नियंत्रण आदेशात येतं. दोन्ही पाकिटं सारखीच दिसतात. कीटकनाशक कायद्याखालचा नोंदणी क्रमांक नसेल आणि तरी "सर्व बुरशीजन्य रोगांवर" असं मोठ्या अक्षरात लिहिलं असेल, तर पाकीट परत ठेवा.

मग जिवाणूंची संख्या बघा. स्युडोमोनासच्या भुकटीत ग्रॅममागे किमान दहाचा आठवा घात, म्हणजे दहा कोटी जिवंत पेशी असायला हव्यात. हा आकडा पाकिटावर सीएफयू या अक्षरांपुढे असतो. उत्पादनाची तारीख पाहा. मुदत संपायला सहा महिने आहेत म्हणून चार महिने जुनं घेऊ नका, स्युडोमोनासचा दर दिवस मोजलेला असतो. दुकानात पाकीट कुठे ठेवलंय तेही बघा. दर्शनी काचेत, पश्चिमेच्या उन्हात रचलेला ढीग असेल तर मी दुसरं दुकान गाठतो. कृषी विद्यापीठांच्या आणि काही कृषी विज्ञान केंद्रांच्या प्रयोगशाळांतून ताजा माल मिळतो. आठवडाभर आधी फोन करून मागणी द्यावी लागते, एवढंच.

घरी आणल्यावर सावलीत, गारव्याला. फ्रीजचा खालचा कप्पा चालेल, बर्फाचा नाही. माठाशेजारी ओल्या पोत्यावर ठेवलेला डबाही चालतो, पाकिटात पाणी शिरू देऊ नका.

पेरणीच्या पंधरा दिवस आधी: शेणखत

एकरी एक किलो भुकटी आणि शंभर किलो शेणखत. खत पूर्ण कुजलेलं हवं, हातात घेतल्यावर मातीसारखा वास आला पाहिजे. अर्धवट कुजलेल्या खतात दोन तोटे आहेत. ते तापतं, त्यात स्युडोमोनास मरतो, आणि शिवाय स्क्लेरोशियमला अर्धकच्चा काडीकचरा म्हणजे पंगतच.

झाडाच्या सावलीत किंवा गोठ्याच्या कडेला खताचा फूटभर उंचीचा थर करा. भुकटी थोड्या कोरड्या खतात आधी मिसळून घ्या, मग ती सगळीकडे भुरभुरवा. पाणी शिंपडत कालवा. ओल किती? मूठ वळली की गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. वर ओलं पोतं. तीन-चार दिवसांनी एकदा खालवर करा, सुकत असेल तर शिंपडा. दहा-पंधरा दिवसांत हे खत तयार.

पेरणीच्या दिवशी ते सरीत, बियाण्याच्या ओळीतच पडू द्या. एकरभर फेकून दिलं तर शंभर किलो कुठे गेलं ते कळणारही नाही. ओळीत दिलं तर मूळ फुटल्याबरोबर त्याला शेजारी भेटतो.

पाण्याच्या दोनशे लिटरच्या पिंपात गूळ, बेसन आणि थोडा जिवाणू टाकून आठवडाभर ढवळत ठेवायची पद्धत फार पसरली आहे. माझं मत विचाराल तर, नको. उघड्या पिंपात गुळाच्या पाण्यावर वाढतं ते जो आधी आणि जोरात वाढेल ते. तुम्ही टाकलेलाच जिवाणू वाढला की वाऱ्यावर आलेला, हे वासावरून सांगता येत नाही. एकरी खर्चात वाचतात ते फार तर काही रुपये. प्रयोगशाळेत हेच काम निर्जंतुक माध्यमात करतात ते उगाच नव्हे.

बीजप्रक्रिया, हळू हाताने

या सगळ्यात फक्त एकच काम करायला वेळ असेल तर हे करा. खर्च सगळ्यात कमी, परिणाम सगळ्यात जास्त.

पण घेवड्याचं बी हरभऱ्यासारखं हाताळू नका. त्याची साल पातळ असते. जास्त पाणी लागलं की सुरकुतते, सुटते. फिरत्या ड्रममध्ये किंवा पोत्यात घालून आपटलं की आतल्या डाळिंब्यांना चिरा जातात. बाहेरून काही दिसत नाही, पण उगवताना त्याच चिरेतून बुरशी आत जाते. म्हणजे रोग टाळायला केलेल्या प्रक्रियेनेच रोगाला दार उघडलं जातं. कोरेगावच्या वाघ्या घेवड्यासारखं घरचं जपलेलं बी असेल तर आणखी सांभाळून. मळणीत चिरलेले, रंग उडालेले, व्रण असलेले दाणे आधीच निवडून काढा. करपा बियाण्यातूनच पुढच्या हंगामात जातो.

दहा किलो बियाण्याचा हिशेब असा. अर्ध्या लिटर पाण्यात साठ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करा. कोमट द्रावणाने घाई करू नका. त्यातलं साधारण तीनशे मिलिलिटर घ्या. त्यात शंभर ग्रॅम स्युडोमोनासची भुकटी, म्हणजे किलोला दहा ग्रॅम, आणि अडीचशे ग्रॅम रायझोबियमचं एक पाकीट कालवून सरबरीत करा. बी ताडपत्रीवर किंवा गोणपाटावर पातळ पसरा. मिश्रण थोडं थोडं शिंपडत दोन्ही तळव्यांनी वरखाली करा, पापड लाटायच्या पिठाला तेल लावतो तसं. प्रत्येक दाण्यावर पातळ थर बसला की थांबा. द्रवरूप जिवाणू असेल तर किलोला पाच ते दहा मिलिलिटर. त्यात पाणी बेताचंच घाला.

सावलीत अर्धा तास सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. उद्यावर ठेवलेलं बी पुन्हा करावं लागतं.

रायझोबियमचं पाकीट घेवड्याचंच हवं. सोयाबीनचा रायझोबियम घेवड्याच्या मुळावर गाठी करत नाही. आणि खरा रायझोबियम दिला तरी घेवडा-राजमा गाठी धरण्यात आळशी आहे, हे लक्षात असू द्या. नत्राची मात्रा विद्यापीठाच्या शिफारशीनुसार द्यावीच लागते. जिवाणू दिला म्हणून युरिया बंद केलेला घेवडा मी पाहिला आहे. तो पिवळा पडला होता आणि मालक मुळकुजीवर औषध शोधत होता.

विकतचं बी लाल किंवा निळ्या रंगाचं असेल तर त्यावर थायरम, कॅप्टन यांसारखं बुरशीनाशक चढवलेलं असतं. त्यावर जिवाणू चोळणं म्हणजे त्यांना विषाच्या ताटावर बसवणं. अशा वेळी बीजप्रक्रिया सोडा, सगळा भर ओळीतल्या शेणखतावर द्या. बी धुऊन रंग घालवायच्या फंदात पडू नका, साल जाईल. घरीच रासायनिक प्रक्रिया करायची असेल तर क्रम आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू असा असतो. तिन्हींत अंतर हवं आणि शेवटी जिवाणूंची मात्रा थोडी वाढवावी लागते.

भुकटी कालवताना नाकाला रुमाल बांधा. शंखजिऱ्याची धूळ छातीत जाऊ नये.

उभ्या पिकातली आळवणी

पहिली पंधरा ते वीस दिवसांनी, दुसरी त्यानंतर पंधरा दिवसांनी, फुलं यायच्या सुमारास. लिटरला पाच ते दहा ग्रॅम भुकटी. एकरी दोनशे लिटर पाणी धरलं तर एक ते दोन किलो लागते. पंपाचा नोझल काढून रोपाच्या बुडाशी ओता. वेळ संध्याकाळची, जमीन ओलसर असताना. कोरड्या ढेकळांवर ओतलेलं पाणी वरच्या इंचभरातच थांबतं आणि दुसऱ्या दिवशी ऊन ते शिजवतं.

पाणी विहिरीचं उत्तम. नळाचं असेल तर रात्रभर उघड्या पिंपात ठेवा, क्लोरीन उडून जातो. ठिबकमधून द्यायचं असेल तर द्रवरूपच घ्या, शंखजिऱ्याने ड्रिपर तुंबतात. आणि नळ्यांना आम्ल किंवा क्लोरीन प्रक्रिया करायची असेल तर ती आधी उरकून साध्या पाण्याने नळ्या नीट धुवा, काही दिवस जाऊ द्या, मग जिवाणू सोडा.

जी रोपं कोलमडलीत ती वाचणार नाहीत. ती मातीसकट उपटून शेताबाहेर न्या. बांधावर टाकू नका, पहिल्या पावसात बुरशी परत सरीत येते. त्या जागी आणि आजूबाजूच्या दोन-तीन फुटांत मात्र आळवणी भरपूर करा. तिथे अजून उभी असलेली रोपं हीच खरी गिऱ्हाइकं. रोग आधीच निम्म्या रानात पसरला असेल तर जिवाणूंवर वेळ घालवू नका. कृषी सहायकाला रोप दाखवून योग्य रासायनिक उपाय करा आणि जिवाणू पुढच्या हंगामासाठी राखा.

पाणी साचणाऱ्या काळ्या रानात यातलं काहीच पुरं पडत नाही. तिथे गादीवाफा किंवा सरी-वरंबा आणि पाण्याला वाट हाच पहिला उपाय.

पानांवरचे रोग

तांबेरा, बुरशीजन्य करपा, भुरी यांच्यावर बॅसिलस सबटिलिस फवारतात. अमेरिकेत १९८०च्या दशकात घेवड्याच्या तांबेऱ्यावर या जिवाणूच्या शेतात चाचण्या झाल्या होत्या आणि रोग खाली आला होता. पण त्या फवारण्या वारंवार आणि रोग दिसायच्या आधीपासूनच्या होत्या. तांब्याच्या रंगाचे फोड पानावर आल्यानंतर जिवाणू फार तर नव्या बीजाणूंना रुजू देत नाही, जुना फोड भरून काढत नाही. ढगाळ हवा, रात्रीचं दव अशी चिन्हं दिसली की लेबलवरच्या मात्रेने, आठवडा-दहा दिवसांच्या अंतराने, ऊन उतरल्यावर, पानाच्या खालच्या बाजूलाही बसेल अशी फवारणी करा. जोराचा पाऊस झाला तर पुन्हा करावी लागते. वेलीच्या जाती असतील तर आधी झुडूप मोकळं करा, हवा खेळली पाहिजे.

कशाच्या आसपास नको

बोर्डो मिश्रण, कॉपर ऑक्सिक्लोराइड आणि स्ट्रेप्टोसायक्लिन हे तिन्ही जिवाणूंचे वैरी. जिवाणूजन्य करप्यासाठी तांब्याची फवारणी केलीच असेल तर जिवाणू देण्याआधी निदान आठ-दहा दिवस जाऊ द्या. फवारणीचा पंपही वेगळा ठेवा. तांब्याचा निळा थर तळाला राहिलेल्या पंपातून स्युडोमोनास सोडणं आणि न सोडणं सारखंच. रासायनिक खतं विरघळवलेल्या पाण्यात जिवाणू कालवू नका, दोन्ही वेगवेगळ्या दिवशी द्या.

उपयोग झाला का, हे कसं कळणार

प्रत्येक हंगामात दोन सऱ्या रिकाम्या सोडा. तेच बी, तीच पेरणी, फक्त जिवाणू नाहीत. दोन्ही सऱ्या बांधालगत नकोत, एक रानाच्या मधोमध असू द्या. रोपांत दहा सेंटिमीटर अंतर ठेवलं तर दहा मीटर सरीत शंभर रोपं बसतात, त्यामुळे मोजणी सोपी. खुंट्या ठोकून दहा मीटर पक्कं करा आणि पंधराव्या, तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी उभी रोपं मोजा. आकडा सरळ टक्क्यांतच येतो. शेवटच्या मोजणीला दोन्हीकडची पाच-पाच रोपं खुरप्याने काढून मुळं धुवा आणि शेजारी-शेजारी ठेवून फोटो घ्या. रोपं सारखीच उभी असली तरी मुळांचा रंग वेगळा सापडू शकतो, आणि सुरुवातीच्या हंगामात बऱ्याचदा फरक तिथेच असतो.

रिकामं पाकीट फेकू नका. बॅच क्रमांक आणि तारीख दिसेल असं कापून वहीत चिकटवा, त्याच पानावर मोजणीचे आकडे लिहा. पुढच्या वेळी दुकानदाराने "तोच माल आहे" म्हटलं तर वही पुढे करता येते.